पूर्णविराम, नवीन परिच्छेद

एकोणतीस वर्षं माझ्या कानात
दुसऱ्यांचीच वाक्यं होती.
बोल्टनच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बॉयलरला लागून असलेल्या खोलीत,
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की डॉक्टर बोलायचे,
सोडलं की गप्प.
असं एक पेडल घरी हवं होतं, श्रीपाद म्हणायचे.
मीही म्हणायचे, मनात.

हृदयाचे ठोके नियमित, स्वल्पविराम,
रुग्णाची विशेष तक्रार नाही, पूर्णविराम,
नवीन परिच्छेद.
किती जणांच्या फुप्फुसांवरचे डाग
मी एकही चूक न करता टाइप केले,
किती जणांचे मुतखडे, मिलिमीटरसकट.
आणि एका सोमवारी
शेजारच्या मिसेस हॅलिवेलचं पत्र.
तिला कळायच्या तीन दिवस आधी
मला कळलं.

त्या तीन दिवसांत तिनं कुंपणावरून
मला दोनदा रुबार्ब दिला.
पानं काढून टाकलेली. पानं विषारी असतात,
हे ती दर वेळी नव्यानं सांगायची.
मी म्हटलं, थँक्यू.
गुप्ततेच्या कागदावर सही केली होती मी,
आणखी काय म्हणणार.

निवृत्तीच्या दिवशी केक, कार्ड, झाडं छाटायची कात्री.
मग गुडघा. मग मोतीबिंदू.
मग एकाहत्तराव्या वर्षी
गॅसच्या बिलाच्या पाकिटावर लिहिलं, 'रुबार्ब',
आणि त्याखाली काही येईना.
पुढचं सांगणारं कुणी नव्हतं.
पाय तेवढा टेबलाखाली
पेडल चाचपत राहिला.

हातही परका झालेला.
आईला शेवटचं पत्र त्र्याण्णव साली,
त्यानंतर मराठी फक्त फोनवर,
आणि मग ज्यांना फोन करायचा तेही गेले.
ज्ञ कुठून सुरू करायचा, आठवेना.
क्ष काढला तो मोडक्या खुर्चीसारखा दिसला.
तरी राहू दिला. बसायचं तर आहे.

गुरुवारी वाचनालयात लिहिण्याचा वर्ग असतो,
सहा माणसं आणि बिस्किटांचा एक डबा.
शिकवणारी ब्रायनी माझ्या मुलीहून लहान.
दहा मिनिटं, म्हणाली, पेन उचलायचं नाही.
मी उचललं नाही. मग म्हणाली, वाचा.
अहो, पण हे मराठीत आहे.
मग काय झालं, वाचा की.

वाचलं. कुणाला ओ की ठो कळलं नाही.
एन्टविसल, बेकरीची व्हॅन चालवायचा पूर्वी,
कानातलं यंत्र नीट करत म्हणाला,
ते मधे काय होतं?
जीभ मागे दुमडल्यासारखं?
'जवळ', मी म्हटलं.
जवल, तो म्हणाला. जवर. जवड.
मग सगळ्यांनीच करून पाहिलं.
बिस्किटाचे कण उडवत
सहा माणसं 'जवळ' म्हणत होती,
आणि एकालाही जमत नव्हतं.

घरी आले तर श्रीपाद स्नूकर बघत होते.
रात्री वही उघडली तेव्हा
पडद्यावरची नजर न हलवता विचारलं,
हिशेब मांडतेस?
हो, म्हटलं. जुनी उधारी आहे.
त्यांनी आवाज कमी केला, एवढं मात्र खरं.

आता चौथी वही चालू आहे.
मिसेस हॅलिवेल जाऊन बावीस वर्षं झाली,
वहीत ती अजून कुंपणापाशीच उभी,
हातात लाल देठांची जुडी,
आणि मी थँक्यूच्या पुढे सरकत नव्हते.
खोडायचं, पुन्हा थँक्यू.
काल रात्री मात्र जुडी देताना
तिनं ती सोडली नाही.
एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.
म्हणाली, तुला ठाऊक आहे ना गं?

असं ती कधी म्हणाली नव्हती.
मराठीत तर नाहीच नाही.
कुठल्याच टेपवर नव्हतं ते.

मी दोन्ही पाय वर, खुर्चीत घेतले
आणि पुढचं लिहिलं